दोन्ही बाजूंनी उजवं वेटोळं

३ जून

साहेबांचं बोट भाजलं! अंगठीचं. माझ्या वेटोळ्यावर हात ठेवून ते पाहुण्यांना सांगत होते, "बघा, काही म्हणजे काही जाणवत नाही—" आणि जाणवलं.

वेटोळं म्हणजे तांब्याची तार गोल गोल, चपटी वळलेली. डास पळवायची कॉइल असते ना, तशी. तिच्यातून वीज फिरते आणि वर ठेवलेलं यंत्र वायर न जोडता चार्ज होतं. अंगठी ठेवली तर ती नुसती तापते. हे मी आधी सांगितलं होतं. साहेब बोट पाण्यात बुडवून म्हणाले, "लहान करा. थंड करा. कानातलं ऐकण्याचं यंत्र चार्ज करायच्या बशीत मावलं पाहिजे."

पाहुणे हसू दाबत होते. मीही. देवा, क्षमा कर.

४ जून

हे बशीचं काम मी मागून घेतलं आहे. आईसाठी. मी वेटोळ्यांच्या विभागात आलो त्याच सुमाराला तिचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, शिट्टी ऐकू आली की बोट वर करा. आईने बोट वर केलंच नाही. जुन्या यंत्राची बॅटरी मसुराएवढी, तिच्या थरथरत्या बोटांना ती बदलता येत नाही. नवीन यंत्र फक्त बशीत ठेवायचं. बशी चालली तर आई पुन्हा ऐकेल. मला दुसरं काही नको.

संध्याकाळी तिच्याजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगतो – तार किती जाड, वेढे किती, खाली कोणता पत्रा. ऐकू येत नाही बिचारीला, तरी मान डोलावते. घरात एवढं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? ही तर वेटोळं शब्द काढला की उठून कपडे वाळत घालायला जाते. ओले नसले तरी.

आज विचारलं, "आई, जेवलीस का?"

"मंगळवारी," म्हणाली.

९ जून

लहान केलं की वेढे मावत नाहीत. वेढे कमी केले की जोर जातो.

१० जून

सुचलं! गावच्या शाळेत पाटीची एक बाजू भरली की आम्ही पाटी उलटी करायचो. तार जिच्यावर आखून बसवतो, त्या पट्टीच्या वरच्या बाजूला एक वेटोळं, खालच्या बाजूला दुसरं. जागा तेवढीच, वेढे दुप्पट. आईला तासभर समजावून सांगितलं. तिने डोळे मिटून ऐकलं.

१२ जून

खालची बाजूही आखून झाली. पट्टी उलटी केली आणि देवाचं नाव घेऊन वरच्यासारखाच हात फिरवला.

१७ जून

पास! तपासणीच्या बाई कधी हसत नाहीत, आज हसल्या. तापत नाही. शेजारच्या रेडिओला खरखर नाही. साहेबांनी लांबूनच अंगठी टाकली, मग एक बोट लावलं, मग पालथा हात ठेवला. "अहो, गार! बर्फ आहे हा बर्फ!"

मी म्हटलं, "बाई, चार्ज होतं का ते बघितलंत?"

"ते आमच्याकडे येत नाही."

"मग कोणाकडे येतं?"

"अहो, होतंच की. दिवा लागलाय ना?"

दिवा बटणाला जोडलेला आहे. बटण दाबलं की लागतो. बशीत काहीही ठेवा, नाहीतर नका ठेवू. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या.

१८ जून

काल बशी घरी आणली. यंत्र तिच्यात ठेवलं, दिवा लागला, सकाळी आईच्या कानात घातलं. "आई, येतंय का ऐकू?"

"दार ओढून घे जाताना," म्हणाली.

यंत्र मेलेलं! जरासुद्धा चार्ज झालं नव्हतं.

२० जून

मोजलं. बशीत शून्य. जगातलं सगळ्यात सुरक्षित वेटोळं मी बनवलं आहे – ते काहीच करत नाही.

चूक सापडली. शाळा देवळात भरायची. उशीर झाला की मास्तर प्रदक्षिणा घालायला लावायचे, आणि देव कायम उजव्या हाताला. अंगात भिनलंय ते. वरचं वेटोळं उजवीकडून काढलं. पट्टी उलटी केली आणि खालचंही उजवीकडूनच काढलं. पट्टी उलटी केली की उजवं डावं होतं, हे विसरलो! वरचं ढकलतं, खालचं ओढतं. दोघांचं भांडण, आई उपाशी.

साहेबांना सांगितलं. "पास झालेल्या मालाला हात लावू नका," म्हणाले.

२१ जून

हात लावायचाच. पण खालचं वेटोळं डावीकडून काढायचं म्हणजे उलटी प्रदक्षिणा. पेन्सिल पुढे जाईना. देवासमोर बसलो. ही म्हणाली, "अहो, तार आहे ती!" तिला कसं सांगू.

२२ जून

अंघोळ करताना उलगडलं. देव वरून बघतो! वरून बघणाऱ्याला दोन्ही वेटोळी उजवीच दिसणार. डावं दिसतं ते खालून बघणाऱ्या मला. ओल्या अंगानेच हात जोडले.

२४ जून

मीटरचा काटा उठला! यंत्र पूर्ण भरलं. आईच्या कानात घातलं आणि ओरडलो, "आई, झालं एकदाचं! वेटोळ्याचं काम संपलं!"

"संपलं?" आई म्हणाली. "अगदी संपलं?"

ऐकू आलं! मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. ती म्हणाली, "एवढं काय ओरडतोस रे, शेजारी येतील."

देवा, तुझे उपकार.

२६ जून

कालपासून आई सगळ्यांशी बोलते आहे. हिने स्वयंपाकघरात पुटपुटलेलंही तिला ऐकू जातं. आत्ता बशी पुसायला घेतली तर यंत्र आतच! कालपासून आतच. आईचा कान रिकामा.

तिच्याजवळ गेलो. अगदी हळू म्हणालो, "आई, साहेब म्हणतात आता घड्याळासाठी वेटोळं करा. याहून लहान."

आईने माझ्याकडे पाहिलं, कानामागे हात धरला आणि म्हणाली, "काय? काय म्हणालास?"