निकेशचं विरजण

५ जानेवारी, सोमवार

शेवटी नोकरी लागली एकदाची. पीएचडीनंतर दोन वर्षं ‘कळवतो’ हा एकच शब्द ऐकून कान किटले होते. आता आपटा गावाच्या रस्त्यावरच्या एका खासगी संशोधन संस्थेत मी पॉलिमर वैज्ञानिक आहे आणि तीन महिन्यांनी कायम करतील. आईला फोनवर पॉलिमर म्हणजे काय ते पुन्हा समजावलं. तिने सगळं ऐकून विचारलं, म्हणजे प्लास्टिकच ना? हो बाई, प्लास्टिकच.

खांदा कॉलनीत खोली मिळाली आहे. खाली इस्त्रीवाला, समोर पोळीभाजी केंद्र, आणखी काय हवं! प्रयोगशाळेच्या प्रमुख हेतल मॅडम कमी बोलतात, पण कामाचं बोलतात. आमचा प्रकल्प म्हणजे भाजलेल्या जखमेवर लावायची पारदर्शक पट्टी. ब्लेडने तिचे दोन तुकडे करायचे, कडेला कड लावून ठेवायची, की पाच मिनिटांत ती पुन्हा एकसंध होते. जोड शोधून सापडत नाही. दिवसभर मी लहान मुलीसारखी नुसती कापत बसले होते.

७ जानेवारी, बुधवार

आज इथली पद्धत शिकले. पट्टीची नवी बॅच करताना जुन्या बॅचमधलं चमचाभर मिश्रण घालायचं, दह्याला विरजण लावतात तसं. ते घातलं नाही तर तुकडे जुळतच नाहीत. का, ते कुणालाच माहीत नाही, आणि याचं कुणाला काही वाटतही नाही. हे विरजण शीतकपाटातल्या एका मोठ्या बरणीत असतं. मी रोज ते चमच्याने ढवळायचं, हे माझं काम.

प्रयोगशाळेतले जुने मदतनीस तुळशीराम म्हणाले की पहिलं विरजण निकेश घरतचं. तो माझ्याआधी याच टेबलावर होता आणि जूनमध्ये कुणाला न सांगता निघून गेला. कुठे गेला, असं विचारलं तर म्हणाले, आमी नाय विचारीत. त्याच्या नोंदवह्या कपाटात नाहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

ब्लेड निसटलं आणि उजव्या अंगठ्यात चांगलंच रुतलं. नियमाप्रमाणे अपघाताची नोंद करायला हवी होती. पण नोंद केली की आठवडाभर प्रयोगशाळेबाहेर, आणि कायम करायच्या वेळी तीच फाइल समोर येणार. शिवाय आम्हा पॉलिमरवाल्यांची जुनी खोड आहे, गोंद असो की जेल, आधी स्वतःच्या बोटाला लावून बघायचं. मी पट्टीचा तुकडा लावला.

पाच मिनिटांत जखम गायब. व्रणसुद्धा नाही. पट्टीही दिसेना, जणू मुरली. कुणाला सांगितलं नाही, पण आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

१२ जानेवारी, सोमवार

हजेरीच्या यंत्रावर अंगठा ठेवला आणि पडद्यावर नाव आलं, निकेश घरत. गेटवरचा परेश हसला, म्हणाला, मशीन जुनं झालंय मॅडम, हाताने एन्ट्री करा. मी पुन्हा ठेवला. निकेश घरत. डावा अंगठा ठेवला तर मीच.

तशी मीही हसले. पण जेवताना घास उजव्या हाताने घ्यावासा वाटेना.

१४ जानेवारी, बुधवार

गेटबाहेर एक बाई बसली होती. निकेशची आई, रंभाबाई. उरणकडच्या गावाहून दर बुधवारी येते, मुलाची चौकशी करते, आणि परेश तिला परत पाठवतो. आज संक्रांत, म्हणून मी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तिने माझा अंगठा धरला, उलटसुलट करून बघितला आणि नखावरून बोट फिरवलं. म्हणाली, “यो माज्या निकेशचा आंगठा हाय. लहानपणी विळा लागलेला.”

मी हात ओढून घेतला. तो चटकन सुटला नाही.

नखावर तिरकी रेघ आहे. परवापर्यंत नव्हती. मला भीती वाटते आहे, सरळ लिहूनच टाकते.

१६ जानेवारी, शुक्रवार

तुळशीरामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून एक वही दिली. निकेशची. इतके महिने त्यांनी ती घरी लपवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले की पोर रोज कमी होत व्हता, आमी बघत व्हतो.

त्याचीही सुरुवात कापलेल्या बोटानेच झाली होती. त्यानेही नोंद केली नव्हती. शेवटच्या पानांवर त्याने आखलेले दोन रकाने, ‘बॅचचं वजन’ आणि ‘माझं वजन’. त्याचं जेवढं उतरतं, तेवढंच बॅचचं चढतं. शेवटची ओळ अशी, पेन धरता येत नाही.

त्या बरणीत तो आहे. आणि नऊ दिवस मी चमच्याने—

१७ जानेवारी, शनिवार

मनगटापर्यंत हात माझा नाही. बोटं जाड झाली, पंजाच्या पाठीवर काळे केस आले. वजन चोपन्न होतं, आज एकोणपन्नास.

कामोठ्याच्या डॉक्टरांना आधी पटेना. मग त्यांनी चिमटा लावला आणि तो त्यांना सोडवता येईना. सोमवारी सकाळी कोपरापासून हात काढणार. मी सही केली, डाव्या हाताने. नोकरी गेली खड्ड्यात. हात गेला तरी चालेल, मी उरले पाहिजे.

१८ जानेवारी, रविवार, दुपार

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं.

रंभाबाई खोलीवर आल्या. पत्ता तुळशीरामांनी दिला. हात काढणार हे सांगितलं तर पायाशीच बसल्या. म्हणाल्या, “नको कापू गो बाय, माज्या पोराचा येवडाच रायलाय.” मग म्हणाल्या, एकदा धरू दे.

नाही म्हणवेना. कुणाला म्हणवलं असतं?

तीन वाजता

अजून धरून बसल्यात. त्याच्याशी बोलतात. मिठागरात राबलेले हात, तळव्यांना खोल भेगा. उघड्या भेगा. माझ्या लक्षात कसं आलं नाही— कड दिसली की ते जुळतं—

मी म्हटलं, मावशी, आता सोडा.

त्या म्हणाल्या, मी कवाच सोडलाय.

सव्वातीन

जोड दिसत नाही. ओढलं तर दोघींची कातडी ताणते. त्यांना दुखत नाही म्हणतात. हसतात. हाताच्या भेगा भरल्या, म्हणतात.

फोन त्यांच्या पलीकडे. ब्लेड टेबलावर होतं— मी वाकले, त्यांनी आधी उचललं. खिडकीबाहेर.

माझं कोपर—

आता त्या दुसरा हात पुढे करतायत. त्यालाही भेगा. पेन ठेव म्हणतात, घरी जाऊ म्हणतात. मी सांगते आहे, मावशी, मी समीक्षा, मला आई आहे. मान हलवतात. मायेने. आणि माझा डावा हा