बँडसॉ, घर आणि चिरंजीवांची सही

मी, खाली सही करणार, छापखान्यातला निवृत्त मुद्रितशोधक, असे लिहून ठेवतो की माझे हृदय कामातून गेले असले तरी बुद्धी ठिकाणावर आहे, आणि हे लिहायला मला कुणी भरीस पाडलेले नाही. याची खात्री पटवायला खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना बोलावले आहे. ते माझ्या अक्कलदाढेला ओळखतात, तेवढी ओळख पुरे. यापूर्वी मृत्युपत्र म्हणून काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

कलम १. राहते घर, मागच्या खोलीतल्या माझ्या सुतारशाळेसह, आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलाला, म्हणजे आमच्या चिरंजीवांना, मिळावी. मात्र कलम ५ पाहावे. चिरंजीव विमा विकतात. लोक न वाचता सह्या करतात यावर त्यांचे पोट चालते, आणि ते स्वतःही त्याच लोकांपैकी आहेत.

कलम २. बँडसॉ चिरंजीवांना. तो कसा निवडला ते लिहितो, नाहीतर मागाहून म्हणतील, म्हातारा सटकला होता. बँडसॉ म्हणजे लाकूड कापणारा, दोन चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. नवखा माणूस मोटर किती ताकदीची ते विचारतो. विचारायचे ते हे, की त्यात किती उंचीचे लाकूड उभे राहते आणि पट्टा ताणल्यावर सांगाडा वाकतो का. मागच्या अंगणात मी अक्रोडाचा जाडजूड ओंडका सुकत ठेवला होता. त्याच्या फळ्या घरीच पाडायच्या होत्या, म्हणून मला मोठाच बँडसॉ हवा होता. त्यासाठी शहरातली सगळी दुकाने पालथी घातली. माझा धाकटा भाऊ एकदा सोबत आला आणि विक्रेत्यासमोर म्हणाला, "दादा, तू करणार फोटोच्या चौकटी. टेबलावरचा छोटा घे, आणि उरलेल्या पैशांत वहिनीला कुठेतरी फिरवून आण." विक्रेता हसला. तेव्हापासून मी भावाशी बोललेलो नाही.

शेवटी मनासारखा सापडला. दुकानदार ज्या दिवशी तो चालवून दाखवणार होता, नेमके त्याच दिवशी माझ्या पत्नीचे ऑपरेशन होते. मी दुकानात गेलो. एवढी महाग वस्तू न पाहता घेणे शहाणपणाचे नव्हे, आणि इस्पितळात चिरंजीव होतेच. संमतीपत्रावर त्यांनी सही केली. मी नंतर विचारले, "काय लिहिलं होतं त्यात?" म्हणाले, "बाबा, तिथे वाचायला वेळ कुठे होता?" ती घरी परत आली नाही. वेळ नव्हता म्हणत चुकीचे खिळे जुळवणारे जुळारी मी छापखान्यात पुष्कळ पाहिले. त्यांच्या चुकांनी माणूस मरत नसे, एवढाच फरक.

पुढे पंधरवड्याने मशीन आले. मी बँकेत गेलो होतो. चिरंजीवांनी खोके न उघडता पोच दिली. पोचेवर छोट्या मॉडेलचा आकडा ठळक छापलेला होता. दुकानदार म्हणाला, "सही आहे ना साहेब, आता मी काय करू?" आई नुकतीच गेलीय, हे सुनेने मला ऐकवले. दुःखात आकडे दिसेनासे होतात असे मला वाटत नाही. मला दिसत होते. ओंडका त्या मशीनखाली कधी गेला नाही. तो अंगणात आहे, चिरंजीवांनी त्यावर बसावे आणि विचार करावा.

कलम ३. रंधे आणि पटाशा सुनेला. तिला धारेची जाण आहे, तिचे बोलणे ऐकले की कळते.

कलम ४. माझ्यामागे कुणी चार शब्द बोलू नयेत. बोलायचेच असतील तर शुद्ध बोलावेत.

कलम ५. या पत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला या पत्राने काहीही मिळणार नाही. पहिला साक्षीदार म्हणून मी चिरंजीवांनाच बोलावणार आहे. कागद पुढे सरकवीन आणि म्हणेन, "इथे सही कर." त्यांनी वाचले तर ते पेन खाली ठेवतील. मग घर त्यांचे, दंतवैद्यांचा कंपाउंडर वर येऊन साक्ष देईल, आणि मी मुलाला आयुष्यभर चुकीचे जोखले हे त्याच्या तोंडावर कबूल करीन. मला ते आवडेल, हेही लिहून ठेवतो. पण सही केली तर घर, बँडसॉ आणि शिल्लक माझ्या धाकट्या भावाकडे जावी. भाऊ मला डोळ्यांसमोर नको. पण चिरंजीवांना याहून झोंबेल असा वारस मला सुचत नाही. वाचून सही करील इतका माझा मुलगा मूर्ख नाही.

मजकूर स्वहस्ते लिहिला, दोनदा तपासला, कुठेही खाडाखोड नाही.

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: ४ मार्च
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: (सही)
मुलगा. मजकूर पहिल्या शब्दापासून वाचला. कलम ५ वाचूनच सही करत आहे. घर काकांना द्यावे.

साक्षीदार दुसरा: (सही)
दंतवैद्य, खालचा मजला. वरील दोन्ही सह्या माझ्यासमोर झाल्या. पहिल्या साक्षीदाराने सही करण्यापूर्वी सगळा कागद मोठ्याने वाचला. ऑपरेशनच्या मजकुराशी आल्यावर लिहून देणारे त्याला म्हणाले, "बास, पुढचं मनात वाच." त्याने शेवटपर्यंत मोठ्यानेच वाचले. सही झाल्यावर लिहून देणाऱ्यांनी कागद परत मागितला, दोनदा मागितला. मुलाने तो माझ्या हातात दिला आणि दवाखान्याच्या कपाटात कुलपात ठेवायला सांगितले. त्याप्रमाणे मी तो खाली नेत आहे.