बाहेरगावची वही

४ नोव्हेंबर १९९८
पुरीहून परत आले. खर्च: महाप्रसाद एक टोपली, वीस रुपये. संध्यासाठी देवाचा गंडा, सव्वा रुपया. धर्मशाळा फुकट, डासांसकट. बहिणीच्या लेकीला, संध्याला, लग्नानंतर आठ वर्षांनी दिवस गेलेत. गंडा तिचं सुखरूप व्हावं म्हणून, नवस दिवस जावेत म्हणून होता. फिटला. आता टेन्शन नाही.

७ नोव्हेंबर
हिवताप खात्याचा जोतीराम आला. म्हणाला, करावे-बेलापूरला मलेरिया संपत आला, आता येतो तो बाहेरगावाहून. म्हटलं, सोसायटीची वही मी ठेवते. कोण कुठून आलं, ताप आहे का. मॅट्रिकला गणितात एकाहत्तर होते मला. त्यानं विचारलं, काकू, तुमी कुटं गेलता? म्हटलं, कुठ्ठे नाही. देवाला जाणं म्हणजे काय बाहेरगावी जाणं?

१० नोव्हेंबर
वरच्या फातिमाचा भाऊ बासित म्हसळ्याहून आला. जिन्यातच गाठून दहा प्रश्न विचारले. फातिमा म्हणते, काकू, त्याचं लग्न ठरतंय, रक्त सासरचे पितीलच, तुम्ही राहू द्या. वात्रट! नोंद केली.

१५ नोव्हेंबर
थंडी वाजून ताप. तीन गोधड्या. प्रवासाचं पित्त. वहीत पित्ताला रकाना नाही.

१६ नोव्हेंबर
ठणठणीत. पित्तच होतं.

१७ नोव्हेंबर, दुपारी ३
पुन्हा पित्त. हे म्हणाले, जोतीरामला बोलवू? म्हटलं, जिच्या हातात वही तिलाच मलेरिया? फातिमा वर्षभर हसेल.

२२ नोव्हेंबर
पेणला संध्याच्या डोहाळजेवणाला चार रात्री राहून आले. गंडा बांधला. पित्त तिथेही आलं, दिवसाआड, अगदी वेळेवर. पोर रात्रभर उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवत होती. डास दोघींनाही फोडत होते.

२५ नोव्हेंबर
जिन्यात भोवळ. फातिमानं धरलं, खाली फेरीवर आलेल्या जोतीरामला हाक मारली आणि मी वाटलेल्या पुरीच्या प्रसादाचंही सांगून टाकलं. त्यानं बोट टोचून काचेवर रक्त घेतलं.

२७ नोव्हेंबर
मलेरियाच. जोतीराम म्हणाला, काकू, वहीत बावीस माणसं, ताप एकालाबी नाय. ताप हाय त्या बाईचं नावच नाय! गोळ्या दिल्या. मग विचारलं, तापात कुठं मुक्काम केलात? पेण म्हटलं. घरात कोण पोटुशी हाय का? वहीत संध्याचं नाव लिहून दाखवलं. पेणच्या केंद्राला कळवतो म्हणाला आणि हसला नाही.
बहिणीला कार्ड टाकलं. नक्कल:
चि. सरस्वतीस आशीर्वाद. मला झालं ते पित्त नव्हतं, मलेरिया होता. मला चावलेला डास दहा-बारा दिवसांनी दुसऱ्याला ताप देतो म्हणे, म्हणजे अजून वेळ आहे. संध्याला मच्छरदाणीतच निजव. जराशी कणकण आली तरी रक्त तपासून घे, नवस बोलत बसू नकोस. चूक माझी आहे. पोर कशी आहे ते उलट टपाली कळव.