नाशपातीचे वरचे शेंडे

प्रिय बाबा,

पत्र बघून आधी घाबरून जाऊ नका, मी ठणठणीत आहे. फोनवर तुम्ही 'सगळं ठीक' एवढं पुटपुटता आणि फोन आईकडे देऊन मोकळे होता, मग आई मला शेजारच्या मांजरीची पिल्लं मोजून दाखवते. म्हणून म्हटलं, या वेळी कागदच बरा. आईला नंतर दाखवलंत तरी चालेल, पण आधी एकट्याने वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा. अर्ध्यात घडी घालून खिशात टाकायची तुमची सवय मला माहीत आहे.

यंदाच्या उन्हाळ्याने आमच्या ऑफिसची पार दैना केली आहे. दर बुधवारी मी बागायतदारांसाठी रोग-किडींचं पत्रक काढते ना, त्यात गेले तीन आठवडे एकच गोष्ट फिरवून फिरवून लिहितेय, की सगळं दहा दिवस लवकर आलंय. प्लम एकदम पिकले आणि संकलन केंद्रात क्रेट पुरेनात. पीचच्या पानांवर लाल कोळी चढलाय, पानं धुळीने माखल्यासारखी दिसतात. सफरचंदाच्या बागांमधले कामगंध सापळे तर विचारूच नका, मादीचा वास लावलेल्या त्या चिकट पुठ्ठ्यांवर एकेका आठवड्यात चाळीस-चाळीस पतंग. ते मोजून माझ्या बोटांना इतका गोंद लागतो की फाईल उघडली तरी सुटत नाही. आमच्या मोठ्या साहेबांनी परवा माझ्याशी हात मिळवला आणि नंतर बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसले.

पण हे सगळं निभावून नेता येतं. निभावता येत नाही तो नाशपातीवरचा करपा. फुलोऱ्याच्या वेळी आठवडाभर ती दमट, उबदार हवा पडली होती, तेव्हाच मला धाकधूक होती. आता दोन बागांमध्ये तो निघालाय. कोवळे शेंडे विस्तवावर धरल्यासारखे काळे होतात, छत्रीच्या मुठीसारखे वाकतात, आणि सालीवर मधासारखा चिकट थेंब येतो. तपासणीत असं झाड सापडलं, तर बागायतदार संघाच्या नियमाप्रमाणे त्या बागेतली नाशपातीची सगळी झाडं तोडून जाळायची. सगळी, बाबा. तुमच्याकडे ती एकशेवीस आहेत आणि तीस वर्षांची आहेत.

छाटणी मी तुमच्याकडूनच शिकले. नऊ वर्षांची असेन. माझ्या हातात कात्री बसत नव्हती, तर तुम्ही तिच्या दांड्याला चिंधी गुंडाळून दिली होती. कळीच्या वर एक बोट जागा सोडायची, काप तिरका घ्यायचा, एका झटक्यात, कुरतडायचं नाही. मी कुरतडलं की तुम्ही नुसते त्या फांदीपाशी थांबून राहायचात. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागायचं. आणि प्रत्येक झाड झालं की कात्री उजव्या मांडीवर पुसायची, एकदा या बाजूने, एकदा त्या. आई दर आठवड्याला त्या डागांवरून तुमचा उद्धार करायची. अजूनही करते म्हणा.

मंगळवारी मी तपासणीला आले तेव्हा तुम्ही माझ्यामागून सबंध बाग फिरलात आणि अखंड बोलत होतात. पाण्याची मोटर, बाजारभाव, माझं वजन, सगळ्यावर बोललात. अहो, तुम्ही! दिवसाला दहा शब्द खर्च करणारा माणूस! तिथेच मला शंका आली. मग पहिल्या ओळीत मला काप दिसले. ताजे, दोनेक आठवड्यांचे. भर उन्हाळ्यात नाशपातीची छाटणी तुम्ही कधी करत नाही. कळीच्या वर एक बोट, तिरके, एका झटक्यात घेतलेले काप. ते कुणाचे आहेत हे मला डोळे मिटून बोट फिरवलं तरी कळलं असतं.

शेंडे उडवले की रोग गेला, असं तुम्हाला वाटलं. पण तो सालीच्या आतून, दिसतो त्याच्या हातभर खाली पोचलेला असतो. आणि पात्यावर बसून पुढच्या झाडावर जातो. दर कापाला पातं स्पिरिटमध्ये बुडवावं लागतं, मांडीवर पुसून तो मरत नाही. बाबा, तो तुमच्याबरोबरच चाललाय. पंपापासून सुरुवात, पहिल्या ओळीने खाली, दुसरीने वर, जशी तुमची कामाची वाट तसाच. पंपाजवळच्या झाडावर कापांच्या खाली वीतभर साल काळी आहे, पुढे पुढे कमी होत गेली आहे, आणि दुसऱ्या ओळीच्या शेवटी नुसते ठिपके. तिसऱ्या ओळीपासून काप नाहीत आणि रोगही नाही. मी प्रत्येक झाड दोनदा बघितलं. आणि पहिल्या ओळीतल्या दोन उंच झाडांचे वरचे शेंडे तसेच काळे, वाकलेले राहिलेत, कारण तुम्ही शिडीवर चढलाच नाहीत. गुडघा दुखतोय हेही आईनेच सांगितलं मला. काय काय लपवाल हो?

तेव्हा मी वही मिटली. तुमच्या हातचं सरबत प्यायले आणि गाडीत बसले. पुढच्या वळणावर गाडी थांबवली आणि ढसाढसा रडले. आधी तुमच्यावर भयंकर चिडले होते. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंची नाशपातीची तीन वर्षांची रोपं आहेत, त्यांना यंदा पहिलं फळ धरलंय, त्यांचाही विचार केला नाहीत? मग रात्री आईशी बोलले. ती म्हणाली, ह्यांच्या डोक्यात एकच बसलंय, की निरीक्षकबाईंच्या बापाच्याच बागेत करपा निघाला म्हणून लोक पोरीला हसतील. आणि मग मला माझंच भाषण आठवलं. वसंतातल्या सभेत शंभर माणसांसमोर मीच फुशारकी मारली होती, की रोगमुक्त बाग बघायची असेल तर माझ्या बाबांची बघा, एक डाग सापडणार नाही. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला होतात, मान खाली घालून, पण तुमचे कान लाल झाले होते. त्या दिवशी तुमच्या डोक्यावर हे ओझं मी ठेवलं. मला माफ करा.

हसू देत हो लोकांना. दोन दिवस हसतील आणि आपापल्या बागेत शेंडे बघायला पळतील. आता मुद्द्याचं. माझा अहवाल अजून माझ्या टेबलावरच आहे. शुक्रवारी दुपारी बारा वाजता तो साहेबांकडे जाणार आणि त्यात मी जे पाहिलं ते सगळं असणार, काप कुणी घेतले तेही. त्यातला एक शब्दही मी बदलणार नाही. पण बागायतदाराने अहवालाआधी स्वतः फोन करून रोग कळवला, तर फक्त रोगी ओळी आणि त्यांच्या शेजारची एक ओळ काढतात, बाकी बाग राहते. साहेबांना मी विचारून घेतलंय, बागेचं नाव न सांगता. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि बारापर्यंत फोन चालेल म्हणाले. तुम्ही फोन केलात तर वीस-वीसच्या तीन ओळी, म्हणजे साठ झाडं जातील, साठ राहतील, आणि तोड लगेच होईल म्हणून काकूंची रोपंही वाचतील. नाही केलात तर एकशेवीस जातील, आणि ती माझ्या सहीने जातील. हे पत्र गुरुवारी सकाळी प्लमच्या गाडीबरोबर तुमच्याकडे पोचेल, म्हणजे तुमच्या हातात सबंध एक दिवस आहे. फोन माझ्याकडे नको, ऑफिसच्या नंबरवर करा, आणि या वेळी तो आईकडे देऊ नका. शनिवारी मी रजा टाकली आहे. मोठ्या करवतीला दोन माणसं लागतात, दुसरं टोक मी धरते.

तुमचीच,
भिंगरी