काकडी ते माळीवाडा

प्रिय सत्यशीला हिला,

गौहरचा सलाम, नमस्कार आणि तुझ्या त्या सोळाव्या मजल्याला लांबूनच रामराम. तुझा खोकला कसा आहे? अंगदसारख्या गुणी लेकाने आणलेलं औषध पितेस, की अजून कुंडीतच ओततेस? (मी पाहिलं होतं. पाहुणी होते म्हणून बोलले नाही.) माझी प्रकृती उत्तम आहे. कंबर, दोन्ही गुडघे आणि घसा सोडला तर काही म्हणजे काही तक्रार नाही. पोचल्याचा फोन केला, पण हकिकत मुद्दाम राखून ठेवली. फोनवर सांगायला बसले असते तर तू मधेच हसली असतीस आणि पुढचं ऐकलंच नसतंस. कोल्हारच्या स्टाफरूममध्ये बत्तीस वर्षं तू हेच केलंस.

तर विमान वेळेवर उतरलं. भाऊ अब्दुलने आधीच बजावलं होतं, की आपा, आजच संध्याकाळी पाचला आपल्या अलिझाची मंगनी आहे, मुलाकडचे कोपरगावहून यायचेत, घरात एक माणूस मोकळं नाही, तेव्हा सरळ टॅक्सी कर आणि ये. मी म्हटलं, अर्धं आयुष्य एस.टी.त काढलेल्या बाईला तू टॅक्सी शिकवतोस? शिवाय तुझ्याकडून आणलेल्या लाखेच्या बांगड्या माझ्याच पिशवीत होत्या. भाचीने मंगनीला त्याच घालायच्या म्हणून हट्ट धरलेला, म्हणजे माझ्याशिवाय कार्य सुरू होणार नाही ही मला खात्री. आता हा विमानतळ शिर्डीचा म्हणायचा, पण आहे काकडी गावात. काकडीहून शिर्डी, शिर्डीहून नगर (पाटीवर अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच). हैदराबादेहून काकडीला यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ काकडीहून माळीवाडा स्टँडला लागतो. पण हे गणित झालं, आणि गणित तुझा विषय. मी मराठीची.

बाहेर आले तर दोन बस उभ्या. एक लांब, लाल. दुसरी जवळ, पांढरी, आणि तिच्या दाराशी पिवळ्या शाली घेतलेल्या बायकांची रांग. माझी ओढणी पिवळी. (हळदी रंगाची घे म्हणून तूच आग्रह केलास, त्यामुळे पुढच्या सगळ्याला निम्मी जबाबदार तू.) दाराशी उभ्या माणसाने मला पाहिलं, “रा अम्मा, रा!” म्हणून अदबीने माझी पिशवी घेतली, ती बसच्या पोटात टाकली आणि मला खिडकीशी बसवलं. पाण्याची बाटली दिली. लाडू दिला. पाय वर घ्यायला स्टूल दिलं! मी मनात म्हटलं, वा, दोन महिन्यांत सरकारी वाहतूक किती सुधारली! तिकीट विचारायलाही कोणी येईना. मग भजनं सुरू झाली. सगळी बस गातेय आणि आपणच गप्प बसायचं हे बरं दिसत नाही, म्हणून मीही टाळ्या धरल्या आणि दुसऱ्या भजनाला तर चांगला वरचा सूर लावला. (घशाचं कारण हे.) शिर्डीच्या लॉजपाशी उतरल्यावर त्या माणसाने माझ्या हातात खोलीची किल्ली दिली. वर चिठ्ठी, ‘व्यंकटलक्ष्मी’.

मी म्हटलं, मी व्यंकटलक्ष्मी नाही. तो यादी दाखवून सांगू लागला, की बेचाळीस माणसं आणली, बेचाळीस मोजली. मी गेले तर एकेचाळीस राहतात आणि तेवढ्यावर तो मला सोडायला तयार होईना. बसचं पोटही उघडेना. मला पाचला नगरात पोचायचंय आणि मी इकडे तेलुगू यादीतलं नाव होऊन बसलेली! रडू यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि तिच्यातून पिवळ्या शालीतली एक बाई उतरली ती थेट त्या माणसाच्या अंगावरच गेली. “हमना छोड को आ गए?” तीच व्यंकटलक्ष्मी. ती माझ्या लाल बसमध्ये बसली होती! सगळ्यांना बेचाळीस आकडा परत मिळाला, मला पिशवी मिळाली. निघताना त्या बाईने माझ्या तोंडात आणखी एक लाडू कोंबला. त्रेचाळिसावा असावा.

शिर्डीच्या स्टँडवर नगरची गाडी लगेच मिळाली. राहात्याला पेरूची पाटी घेऊन झुंबरबाई नावाची बाई चढली आणि माझ्या मांडीवर अर्धी पाटी ठेवूनच विचारती झाली, “कुटं निगालात?” मी मंगनीचं सांगितलं. कोल्हार जवळ आलं, प्रवरेचा पूल आता दिसेल म्हणून मी मान लांब करते आहे, तर गाडी थांबली. समोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, त्यातली एक आडवी कलंडलेली आणि सगळ्या रस्त्यावर ऊस. साडेतीन वाजलेले. अब्दुलचे फोनवर फोन. मी पोचलेच म्हणून दर वेळी सांगत होते आणि खिडकीतून तेच बाभळीचं खोड बघत होते.

अशात मागच्या एका जीपमधून उतरून एक म्हातारी आमच्या गाडीत चढली. पांढरीशुभ्र साडी, डोक्यावर पदर, हातात पानाचा डबा. जीपमध्ये अकरा जणांत कोंबून घुसमटले, म्हणाली, त्यापेक्षा ही बरी. झुंबरबाईने तिला सरकून जागा दिली, पेरू दिला आणि माझी सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. म्हातारीने पेरू चावत माझ्याकडे बघितलं. “पोरगी कशी हाय?”

अगं सत्यशीला, सकाळपासून कोणी माझं ऐकलं नव्हतं! मी सुटले. म्हटलं, पोरगी सोनं आहे, औषधांचं दुकान एकटी चालवते, पण मुलाकडच्यांना आम्ही जरा वाढवून सांगितलंय. आजची बिर्याणी तिने केली म्हणून वाढणार आहेत, ती खरी भिंगारच्या आचाऱ्याकडून येतेय. तिला कांदा चिरला की शिंका येतात. रागावली की बोलत नाही, बुलेट काढून जाते आणि तासाने परत येते. आणि मुलाकडचे तरी काय, पाच म्हणजे पाचच, एक मिनिट उशीर चालणार नाही म्हणे, जसे काही कलेक्टर!

“लई बराबर बोलल्या,” झुंबरबाई म्हणाली.

ट्रॉली बाजूला झाली, गाडी हलली, कोल्हारचा पूल गेला, तरी मी बोलतच होते. राहुरीला म्हातारीने डबा उघडला, शांतपणे पान लावलं आणि म्हणाली, “आता सांगते. पोराचं नाव फरदीन ना? त्यो माजा नातू हाय.”

“आता गं बया!” झुंबरबाई ओरडली. माझ्या घशात पेरूची बी अडकली. मला वाटलं, उतरावं आणि राहुरीतच कुठे तरी उरलेलं आयुष्य काढावं. अब्दुलचा चेहरा डोळ्यांपुढे आला, अलिझाचा आला. पोरीला हा मुलगा मनापासून आवडलाय हे मी तुला सांगितलं नव्हतं.

म्हातारीने माझ्या पाठीवर हात फिरवला. “घाबरू नको, बेटी. एक तूबी ऐक. आमचा फरदीन बँकेत हाय, ते खरं. पन त्यो झुरळाला भितो. झुरळ दिसलं की पलंगावर चढून मला हाका मारतो. मी किती दिस पुरनार? तुजी पोरगी मारती का झुरळ?”

“चपलेने,” मी म्हटलं. “नेम चुकत नाही.”

“मंग जमलं. तू काय बोलली न्हाईस, मी काय ऐकलं न्हाई.”

साडेपाचला माळीवाड्याला उतरलो. झुंबरबाई चार पेरू देऊन आपल्या लेकीकडे गेली. आम्ही दोघी रिक्षाने घरी. अब्दुल दारातच. टॅक्सी कर म्हटलं होतं ना, तोंडावर पाडलंस, आणि वर ही कोणाची म्हातारी गोळा करून आणलीस? मी म्हटलं, मुलाची आजी आहे, सार्वजनिक वाहतुकीने आणली. तो तिथेच उंबऱ्यावर बसला. बाकीचे दहा जण सव्वासहाला आले, कारण त्यांच्या जीपने शॉर्टकट म्हणून उसाच्या शेतातली वाट धरली होती. तोवर आजीने स्वतः अलिझाच्या हातात बांगड्या चढवल्या होत्या. जेवताना अब्दुलने पोरीच्या हातची बिर्याणी म्हणून वाढली. आजीने दोनदा मागून घेतली आणि पोरीच्या हाताला चव आहे म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. असं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही!

अंगदला आणि सूनबाईला दुवा. औषध पी.

तुझी,
गौहर

ता. क. – निकाह फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आहे. आजींनी तुला आत्ताच आमंत्रण सांगितलंय.

ता. क. २ – मी निघताना तू लिफ्टपाशी म्हणालीस, “तुझं काय, तू जाशील. मला कोण नेणार?” तुझे यजमान, आपले सर, गेल्यापासून चार वर्षं तू त्या मजल्यावरून कोल्हारला आलेली नाहीस, अंगदला रजा नाही म्हणून. एवढं लांब पत्र तुझ्या त्या प्रश्नाचंच उत्तर आहे. एकट्या बाईची फार तर बस चुकते, आणि चुकलेल्या बसमध्येही लाडू मिळतो.

ता. क. ३ – तू नाहीच म्हणणार, म्हणून अंगदशी मी परस्पर बोलले. विमानाचं तिकीट त्याने कालच काढलं. फक्त येण्याचं. परतीचं मी काढू दिलं नाही.