पेरूगुलाबी खोली

८ जून, रविवार

पोचलो बाई एकदाचे! पुण्यातून निघाल्यापासून दयाने दहादा विचारलं, आता आपलं घर म्हणजे कुठलं. पाट्यांवर सगळीकडे अहिल्यानगर, पण रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडात नगरच. पाइपलाइन रोडच्या आतल्या गल्लीत बनुबाईंच्या घराची मागची खोली भाड्याने मिळाली आहे. बनुबाईंनी आल्या आल्या शेंगोळे खायला घातले. दयाने चाटूनपुसून ताटली रिकामी केली, म्हणजे मालकीणबाई पास झाल्या म्हणायच्या.

उद्यापासून नोकरी. सुनीलशेठ म्हणून एक बिल्डर आहेत. गावाबाहेर त्यांची बारा रो-हाउस दोन वर्षं पडून आहेत. माझं काम म्हणजे एक घर नमुना म्हणून सजवायचं. रंग, पडदे, दिवे, भांडी सगळं माझ्या हातात. घर पाहावं बांधून म्हणतात ना, तसं मी म्हणते घर पाहावं विकून! रिकाम्या घरात गिऱ्हाइकाला भेगा दिसतात, सजवलेल्या घरात स्वतःचा संसार दिसतो. एवढंच माझं ज्ञान, आणि तेवढ्यावर मी आणि माझी नऊ वर्षांची पोर जगतो आहोत. नवरा, जोशुआ, दुबईला गेला तो तिथलाच झाला. त्याच्याबद्दल आज काही लिहायचं नाही, आज मी खुशीत आहे.

१२ जून, गुरुवार

नमुन्यासाठी सात नंबरचं घर निवडलं, कारण त्यात सकाळचं ऊन येतं. रंगारी मच्छिंद्र कामाला पक्का आणि तोंडाने तिखट. हॉलला मी पांढरा नको म्हटलं, दवाखाना वाटतो. पुण्यात करडा रंग हातोहात खपायचा. इथे एका भिंतीवर लावून बघितला, तर वॉचमन छगन विचारून गेला, ताई, प्लास्टर उघडंच ठिवनार का? शेवटी हॉलला साय-रंग, स्वयंपाकघराला फिकट पिवळा.

अडलं ते नमुन्यात मुलीची म्हणून ठरवलेल्या खोलीपाशी. शेड कार्डातले सगळे गुलाबी रंग बोहारणीच्या प्लास्टिकच्या बादल्यांसारखे दिसत होते. मग मी युक्ती केली. भिंतीवर पाच-सहा पट्टे मारले आणि दयाला एकेकापुढे उभं केलं. कुठल्या रंगावर पोर उठून दिसते ते बघायचं, बस. एकही पटेना. मच्छिंद्रने मग पुणतांब्याचा लाल पेरू फोडला, गर भिंतीला धरला आणि थेंब थेंब रंग टाकत हाताने एक डबा कालवला. तो पट्टा दयाच्या मागे लागला मात्र, मच्छिंद्रने ब्रश खाली ठेवला. लेक इतकी देखणी आहे हे मलाही माहीत नव्हतं.

१५ जून, रविवार

पहिलाच रविवार आणि अकरा कुटुंबं! दयाला घरी एकटी कशी ठेवणार, म्हणून बरोबर आणली आणि पेरूगुलाबी खोलीत टेबलापाशी चित्र काढत बसवली. लोक हॉल बघून पुढे जायचे, स्वयंपाकघरातून पुढे जायचे, आणि त्या खोलीच्या दारात थबकायचे. एका बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं विचारलं तर त्यांनाच सांगता येईना. संध्याकाळपर्यंत दोन घरं ठरली. सुनीलशेठनी पेढे आणले. आमचं रविवारचं चर्च बुडालं तेवढंच वाईट वाटलं.

२२ जून, रविवार

सुनीलशेठनी स्पष्टच सांगितलं, मुलीला दर रविवारी आणत जा, पोरीशिवाय ती खोली नुसती खोली वाटते. मी हो म्हटलं. दयाला पांढरा फ्रॉक घातला, केस एका खांद्यावर सोडले, लोक दारात आले की मान वर करून हसायचं असं शिकवलं. ती कंटाळली होती. तिला अंगणात खेळायचं होतं. मी आइस्क्रीमची लालूच दाखवली. आणखी तीन घरं गेली. आपण आपल्या पोटच्या पोरीला फुलदाणीसारखी मांडतो आहोत, असं मनात आलं होतं. आलं तसं मी ते झटकून टाकलं.

२७ जून, शुक्रवार

आज गंमत झाली. म्हणजे तेव्हा गंमत वाटली. शेअर रिक्षात दया माझ्या शेजारी बसली होती, आणि रिक्षावाल्याने एका जाड बाईंना सरळ तिच्या जागेवर बसायला सांगितलं. बाई बसायलाच लागल्या! मी ओरडले, डोळे फुटले का, पोर बसलीय ना तिथे. बाई दचकल्या आणि म्हणाल्या, अगं बया, दिसलीच न्हाई. दया हसली नाही. शाळेतही मॅडम हजेरीत तिचं नाव घेऊन पुढे जातात म्हणते, हजर म्हटलं तरी.

६ जुलै, रविवार

आठवडाभर पोर मलूल होती. ताप नाही, खोकला नाही. नुसती पुसट. दुसरा शब्द सुचत नाही. खूपदा धुतलेल्या कापडासारखी. सात नंबरला गेलो, ती त्या भिंतीपुढे बसली, आणि पाच मिनिटांत गालांवर लाली, डोळ्यांत चमक. मला हायसं वाटलं. देवा, मला हायसं वाटलं!

१० जुलै, गुरुवार

बनुबाईंनी जेवायला बोलावलं आणि एकच ताट वाढलं. दया माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. मी विचारलं तर म्हणाल्या, लेकीला पुण्यालाच ठिवलं का आज्जीकडं? मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले, मग घाबरून दुसरं ताट आणलं.

नंतर तिला गच्चीवर उन्हात नेलं आणि नीट निरखलं. तिच्या कानाच्या पाळीतून मागची कपड्यांची दोरी दिसत होती. दोरीवरचे चिमटेसुद्धा मोजता आले. चार.

१३ जुलै, रविवार

दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर माझ्याकडेच बघून म्हणाले, पेशंट कुठे आहे? मी तिथून निघून आले.

आज दयाला नेणार नव्हते. पण घरी ठेवलं तर ती आणखी विरते, आणि तिथे नेलं तर भरून येते. नेली. खोलीत शिरताच तिने हुश्श केलं, घरी आल्यावर करतात तसं.

आजच पुणतांब्याचे सहादेव आणि मालनबाई आले. पेरूच्या बागा मुलगा हर्षलच्या हाती देऊन आता शहरात राहायचं म्हणतात. माणसं लाख मोलाची, हसरी. मालनबाई दयाच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. म्हणाल्या, आमाला हेच घर पायजे, सात नंबर, हाय तसं, यातलं काय बी हलवायचं न्हाई. सुनीलशेठनी तिथेच हात मिळवला. हाय तसं म्हणजे काय काय, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१६ जुलै, बुधवार

डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला होता. आणून आमच्या भाड्याच्या खोलीची भिंत रंगवली. मेली बनुबाई काय ओरडायचं ते ओरडो! रंग वाळला तसा वेगळाच झाला, काळपट. दयाला पुढे उभं केलं. ती ठळक दिसली, पण तोंड तिचं नव्हतं. ओठ कुणा दुसरीचेच. तिने मला आई म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या लेकीने हाक मारली आणि मी मागे सरकले. भिंत खरवडून काढली तेव्हा कुठे तिचं तोंड तिला परत मिळालं. पुसट, पण तिचं.

मच्छिंद्रला फोन केला. तो म्हणतो, ताई, हातानं कालवल्याला रंग परत तसाच न्हाई येत, माझ्या बापालाबी जमला नसता.

२० जुलै, रविवार

मालनबाईंना गाठून खोटंनाटं सांगितलं. छत गळतं, बोअरला पाणी नाही, भिंतींना ओल आहे. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, घर बघितलं आन् जीव बसला, आता गळलं तरी आमचंच. हेच तर मी लोकांना शिकवत आले. एकदा जीव बसला की गिऱ्हाईक ऐकत नाही.

२७ जुलै, रविवार

दया आता घरी यायला मागत नाही. रडत नाही, हट्ट नाही. नुसतं सांगते की तिकडे मला हात दिसतात माझे.

३ ऑगस्ट, रविवार

गृहप्रवेश झाला. तोरण, पूजा, पुरणपोळी. मी दयाचा हात धरून मागच्या दाराने निघाले. अंगणात हात हलका झाला. फाटकाशी नुसती ऊब. रस्त्यावर पाऊल टाकलं तर मुठीत काही नाही — तिचा आवाज तेवढा, आई, दुखतं गं.

परत नेलं. धावत. भिंतीपुढे उभी केली. आधी फ्रॉक आला, मग केस, मग ती.

मालनबाईंच्या पाया पडले. म्हटलं, स्वयंपाकाला ठेवा, धुण्याला ठेवा, पैसे देऊ नका. त्या बिचाऱ्या गहिवरल्या. या की म्हणाल्या, पोरीलाबी सोबत हुईल. पोर कुणाची, कुठली, त्यांना प्रश्नच पडत नाही. घराबरोबर आली, आहे. देव्हारा आहे, पंखा आहे, पोर आहे.

जिवंत आहे ना. दिसते ना. मग झालं तर. मी रोज जाईन. तिला रोज बघेन. माझ्या नशिबात एवढंच असेल तर एवढंच.

७ ऑगस्ट, गुरुवार

चार दिवस बरे गेले. पोळ्या लाटताना तिचा आवाज येतो. वेणी घालून दिली. मला ती मावशी म्हणाली एकदा. मी दुरुस्त केलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज सुट्टी दिली होती, पाहुणे येणार म्हणून. संध्याकाळी मच्छिंद्रचा फोन. खुशीत होता. म्हणाला, ताई, तुमच्या सात नंबरचं काम मलाच मिळालं. हर्षल आलाय, त्याला ती खोली हिरवी पायजे. उद्या सकाळी नऊला सुरू.

मला कसं सुचलं नाही. सगळे हेच करतात. पंधरा वर्षं बघते आहे. रंग बघून घर घेतात, आणि घेतलं की पहिला रंग बदलतात. आपला हात लागल्याशिवाय घर आपलं वाटत नाही त्यांना. मालनबाई हाय तसं म्हणाल्या होत्या. सगळेच म्हणतात. सगळेच —

फोन उचलत नाहीत. निघते आहे आत्ताच.

११ ऑगस्ट, सोमवार

काल फाटकाला कुलूप. सगळे पाहुण्यांसकट देवदर्शनाला गेलेले. छगन आत सोडेना. खिडकीतून हाका मारल्या. ती आतून हात हलवत होती.

आता साडेअकरा. मी आत आहे. उशीर झाला, नऊ म्हणून मी साडेआठला पोचले, मच्छिंद्र आठलाच आला होता. दोन भिंती हिरव्या झाल्या. त्याच्या पाया पडले, डबा लाथेने उडवला. हर्षलने धरून बसवलं. मालनबाईंनी पाणी दिलं, म्हणाल्या बाईला भोवळ आली, बसू द्या तिला. त्यांना विचारलं, पोर कुठंय? त्या म्हणाल्या, कंची पोर?

तिसरी पण झाली.

ती माझ्या मांडीवर आहे. पाठ कोपऱ्याला टेकवून बसलो आहोत. परडीएवढा तुकडा उरलाय गुलाबी. कमरेखाली ती नाही. मला हात जाणवतो, उजवा. थंड नाही. ऊब आहे अजून. मी लिहिते आहे म्हणजे कुणीतरी वाचेल की ती होती. दया. नऊ वर्षं. डाव्या भुवईवर खूण आहे, पाळण्यातून पडली होती. शेंगोळे आवडतात. चित्रात घर काढते तेव्हा दार काढायला विसर—

मच्छिंद्र जेवून आला. ब्रश भिजवतोय. त्याला सांगितलं, बघ, बस एकदा बघ इकडे. तो बघतो आणि माझ्याच तोंडाकडे बघतो. ती विचारते, आई, मी गेले का. मी म्हटलं नाही गं राणी, इथेच आहेस, मला घट्ट —

तो म्हणतोय, ताई, जरा सरका, तेवढाच कोपरा राह्य