मनगटावरचा हिरवा पट्टा

ता. २ डिसेंबर

चि. सौ. धाकट्या जावेस,

आशीर्वाद. पत्राची सुरुवात अशीच करायची असते म्हणून लिहिला, जास्त अर्थ काढू नकोस. भाऊजींचा खोकला कमी झाला असेल. लेक सासरी रुळली असेल. ओळी वाकड्या गेल्या तर चालवून घे, उजव्या डोळ्याचं तुला ठाऊकच आहे.

काल भाऊजी येऊन गेले. परवा दवाखान्यात माझ्या डोळ्यावरून डॉक्टरांची चौकशी आहे, तिथे मी काय बोलायचं ते तू त्यांना पढवून पाठवलंस. "वहिनी, एवढंच म्हणा, डॉक्टरांनी काही सांगितलंच नव्हतं." बोलताना मान वर करेनात. चहा अर्धा टाकून गेले.

डॉक्टरांनी सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्याची रक्तवाहिनी गुठळीने तुंबली होती, ती त्यांनी मोकळी केली आणि डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. तो विरेपर्यंत मान खाली ठेवायची आणि उंचावर मुळीच जायचं नाही. वर हवा विरळ, बुडबुडा फुगतो, रक्तवाहिनी पुन्हा दबते. मनगटावर हिरवा पट्टा बांधला, त्यावरही हेच छापलेलं.

मी तुला फोनवर सगळं सांगितलं. तू म्हणालीस, "ताई, हॉटेल सपाटीवर आहे. पुतणीच्या लग्नाला थोरली काकू नाही, लोक काय म्हणतील?"

मी आले. मान खाली घालून, मागच्या सीटवर. रस्ता दिसत नव्हता, पण कानांत दडे बसले. "चढण आहे का गं?" मी विचारलं.

"छे, एसीमुळे होतं तसं."

तेव्हा डोळा ठणकत नव्हता. तिथूनच मागे फिरलो असतो तर?

खोलीत नेऊन तू कात्री काढलीस. "दवाखान्यातून पळून आल्यासारख्या दिसताय. डॉक्टरांचं काय, उंच टाचांची चप्पलसुद्धा नको म्हणतील!" सगळ्याजणी हसल्या. पट्टा कचऱ्याच्या डब्यात गेला. मग डोळ्यात कुणी मूठ आवळावी तसं सुरू झालं, उलट्या झाल्या. मला खाली ने म्हणून मी तुझा हात धरला. तू म्हणालीस, "एवढा फोटो होऊ दे, हसा जरा." तुझ्या व्याह्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आले, मनगट धरून नाडी पाहिली. त्यांनी मला विचारलं, उत्तर तू दिलंस, "पित्त झालंय." मला उलटीपुढे तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी पित्ताची गोळी दिली. पट्टा असता तर त्यांच्या बोटांखालीच आला असता.

तुला कदाचित वाटत असेल, म्हातारीचा एक डोळा, दुसरा आहे की. मला अक्षरं शिकवली ती ह्यांच्या बाइंडिंगच्या दुकानातल्या सुट्या फर्म्यांनी, न शिवलेल्या छापील पानांनी. शिवायला आलेलं पुस्तक हे मला मिळेल तिथून वाचून दाखवायचे. मधली पानं नसली की हे गोष्ट पुरी करून सांगायचे, बहुतेक मनानेच. हे गेल्यावर मी तीच पुस्तकं वाचत होते. वाचताना ह्यांचा आवाज यायचा. आता दोन ओळींत डावा डोळा दमतो आणि आवाज तिथेच थांबतो. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं आहे हे. पहिल्या वेळी दोष द्यायला कुणी नव्हतं.

माझं ऑपरेशन करणारा डॉक्टर माझ्या लेकाच्या वयाचा. उजवा डोळा गेला हे सांगताना त्यानेच चष्मा काढून डोळे पुसले. तुझं खोटं झाकायला मी त्याचा हात तोडणार नाही.

परवा मी खरं तेच सांगणार आहे. विश्वास कोण ठेवणार, असं तुझ्या मनात आलं असेल. पण लग्नाचा अल्बम तूच पाठवलास ना, मोठ्या प्रेमाने? डावा डोळा अगदी पानाजवळ नेऊन पाहिला. पहिल्या फोटोत मी गाडीतून उतरते आहे, मान खाली, मागे सगळी दरी, आणि मनगटावर हिरवा पट्टा. कुटुंबाच्या फोटोत तू माझ्या खांद्यावर हात टाकून हसते आहेस, माझं मनगट मोकळं. छान आली आहेस. त्यासाठीच तर कापला होतास.

अल्बम सोबत नेते आहे. परत मागू नकोस. आणि ताई म्हणून हाक मारू नकोस.

तुझ्या नवऱ्याची वहिनी